पासिंगपुरतं

बाईंनी आम्हाला खोली दिली ती आडनाव न विचारता. लायसन्स मात्र दोन्ही बाजूंनी बघितलं.

त्याआधी बिबवेवाडीत आम्ही नवरा-बायकोनं सात घरं पाहिली होती. सगळीकडे पाणी द्यायच्या आधी आडनाव विचारायचे, आणि ते ऐकलं की "कळवतो हं" म्हणायचे. कळवलं कुणीच नाही. मी यवतमाळकडची. आमच्याकडे नाही म्हणायचं असलं तर माणूस तोंडावर नाही म्हणतो. हे गोड बोलून दार लावणं कळायलाच मला सात घरं लागली. आठव्या घराशी पोहोचेपर्यंत माझं डोकं इतकं तापलं होतं, की दार उघडल्याबरोबर मीच म्हटलं, "आडनाव आधी सांगू की नंतर?"

दारात एक उंच, वाळकी बाई उभी होती. साठीला आलेली, सुती साडी, पदर कमरेला खोचलेला, बोटं तांबड्या-काळ्या रंगानं माखलेली आणि कपाळावर पट्ट्यानं बांधलेलं एक भिंग. माझ्या बोलण्याकडे तिनं लक्षच दिलं नाही. ह्यांच्याकडे बघून म्हणाली, "काय चालवता?"

"ट्रक," हे म्हणाले.

"लायसन्स."

ह्यांनी मुकाट्यानं खिशातून काढून दिलं. बाईंनी ते उजेडात धरलं, उलटं केलं, भिंग डोळ्यांवर ओढून तारीख वाचली. "पुढच्या महिन्यात मुदत संपतेय. आजच अर्ज करा. खोली वर आहे. जिना चढताना कठडा धरा, तो त्यासाठीच लावलाय."

झाली मुलाखत. मी पायरीवर तशीच उभी. भांडायला आलेल्या माणसाला कुणी भांडूच दिलं नाही, तर त्यानं काय करावं?

रस्त्यावर आल्यावर हे मला म्हणाले, "काय बोलून बसलीस तू! अगं, त्या साहेब आहेत."

"कोण साहेब?"

"आरटीओतल्या. पासिंगच्या साहेब. ह्याच वर्षी रिटायर झाल्या."

माल वाहणारी गाडी ठरावीक मुदतीनं सरकारी निरीक्षकासमोर उभी करावी लागते. ब्रेक, दिवे, वायपर, टायर, हॉर्न असं सगळं बघून तो पास म्हणाला, तरच ती रस्त्यावर काढता येते. त्याला आमच्या धंद्यात पासिंग म्हणतात. आता पुष्कळ ठिकाणी मशिनवर होतं, तेव्हा सगळं मैदानातच चालायचं. बाईंनी आयुष्यभर हेच केलं. त्या मैदानावर त्यांच्या काळात दुसरी बाई नव्हती, आणि ड्रायव्हर लोकांच्या तोंडी तिथल्या अधिकाऱ्याला एकच शब्द. त्यामुळे "साहेब आल्या", "साहेब तापल्या" असंच सगळे बोलायचे. खाकी कपड्यांत ट्रकखाली पाठीवर झोपून बघणारा अधिकारी ह्यांनी तोवर पाहिला नव्हता. हे त्यांना शेवटपर्यंत साहेबच म्हणाले. मी मात्र बाई म्हणायची, कारण मला त्यांनी कधी पास-नापास करायचा प्रश्न नव्हता, असा माझा तेव्हा समज होता.

नोकरी संपली तरी सवय कुठे जाते? रिक्षात बसायच्या आधी बाई रिक्षाभोवती एक फेरी मारायच्या.

"मावशी, बसताय ना?" रिक्षावाला विचारायचा.

"मागचा डावा दिवा लागत नाही तुमचा."

"दिवसा काय करायचाय दिवा?"

"अस्सं, फक्त दिवसा चालवता होय? छान. संध्याकाळी बायकोला मदत होत असेल."

तो फर्रकन निघून जायचा आणि आम्ही दोघी उन्हात. एकदा मार्केट यार्डला जाताना ओळीनं चार रिक्षा नापास झाल्या, आणि आम्ही चालत गेलो. मी वाटभर बडबडले. बाप्पा, ज्याला दिवा आहे असा रिक्षावाला पुण्यात जन्मायचाय का अजून! बाई म्हणाल्या, "चाल. पायांना दिवा लागत नाही."

त्यांचा एक शब्द होता. पासिंगपुरतं. ह्या शब्दानं त्यांनी आमचं जगणं हैराण करून सोडलं होतं. पासिंगच्या आदल्या दिवशी काही मालक दुसरीकडून चांगले टायर आणतात, ते लावून गाडी दाखवतात, आणि पास झाली की संध्याकाळी काढून परत करतात. गुळगुळीत टायर पुन्हा गाडीला. ते आणलेले टायर म्हणजे पासिंगपुरते टायर. बाईंनी एकदा एका टायरला आतल्या बाजूनं खडूनं बारीक फुली मारून ठेवली. त्याच आठवड्यात तिसऱ्या मालकाची गाडी समोर आली, तिलाही तीच फुली. बाई त्या टायरपुढे उकिडव्या बसल्या आणि टायरलाच म्हणाल्या, "या. दमला असाल." ड्रायव्हर खाली मान घालून उभा. ही गोष्ट मला किती जणांनी सांगितली असेल. प्रत्येकाचं म्हणणं एकच, की तो ड्रायव्हर मी नव्हतो.

नोकरीतला हा शब्द त्यांनी सगळ्याला लावला. पाहुणे येणार म्हणून काढलेली चादर पासिंगपुरती. कुणी मोठा माणूस येणार म्हणून बुजवलेले खड्डे पासिंगपुरते. सोसायटीच्या बैठकीत कुणी फार नम्र बोललं की बाई कानाशी म्हणायच्या, "पासिंगपुरतं आहे." एकदा त्या वर माझ्या खोलीत आल्या. मी नुकतं झाडून, पुसून, टेबलावर धुतलेला कपडा टाकला होता. बाईंनी नजर फिरवली नि म्हणाल्या, "पासिंगपुरतं झाडलंयस. कॉटखाली बघू?"

मी दोन दिवस बोलले नाही त्यांच्याशी. घरमालकीण असलीस म्हणून काय झालं गं! तिसऱ्या दिवशी कॉट ओढून, भिंतीच्या कडेकडेनं झाडलं आणि त्यांना हाताला धरून वर आणलं. "बघा आता." बाई खरंच गुडघे टेकून वाकल्या. उठल्या. म्हणाल्या, "हं." हे "हं" म्हणजे त्यांच्याकडचा सगळ्यात वरचा शेरा, हे मला ह्यांनी नंतर सांगितलं. त्या "हं"साठी मी पुढे काय काय केलं ते माझं मला ठाऊक.

बाईंच्या पुढच्या खोलीत सोफा नव्हता, टीव्ही नव्हता. एक लांबलचक टेबल होतं आणि भिंतभर फळ्या. फळ्यांवर ट्रक. खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याचे, हातभरसुद्धा नाहीत. पुठ्ठा, प्लॅस्टिकचे पत्रे, तांब्याची तार असं घेऊन बाई ते स्वतः करायच्या. तार आणायला कसबा पेठेतल्या एका तांबटाकडे जायच्या आणि त्याच्याशी जाडीवरून तासभर हुज्जत घालायच्या. पण दुकानात मिळतात तसले चकाचक ट्रक नव्हते ते. एकाचा मागचा फाळका वाकलेला. एकाच्या ताडपत्रीला ठिगळं. ती ताडपत्री म्हणजे चहाच्या पाण्यात उकळलेली जुन्या साडीची चिंधी. चिखल म्हणून मार्केट यार्डातली माती चहाच्या गाळणीनं चाळून, डिंकात कालवून चाकांवर बसवलेली. भांडी घासायची तारेची घासणी व्हिनेगरमध्ये भिजवून ठेवायच्या नि त्या पाण्यानं गंज रंगवायच्या. घरात येणाऱ्याला वाटावं, बाईंनी लोणचं घातलंय.

एकदा मी हौसेनं ब्रश घेतला आणि एका ट्रकच्या दाराखाली तांबडा ठिपका लावला. बाईंनी माझा हात धरला.

"हा गंज कुणाचा?"

"कुणाचा म्हणजे? ट्रकचा."

"असा बेवारशी गंज नसतो. पाणी कुठून आलं, कुठे साठलं, रंग आधी कुणी खरवडला, हे सांगता आलं पाहिजे. सांग."

 बाईंनी बोळ्यानं ठिपका पुसून टाकला. मग एका संध्याकाळी ह्यांना खाली बोलावून खुर्चीवर बसवलं, खिडकीसारखी एक पेटी बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "गाडी चालवताना कोपर कुठे टेकता ते दाखवा." ह्यांनी लाजत लाजत उजवा कोपर टेकवला. बाईंनी फूटपट्टीनं माप घेतलं आणि लहान ट्रकच्या उजव्या दाराचा रंग तेवढ्याच जागी घासून पांढुरका केला. तेरा वर्षं हा माणूस तिथे हात ठेवून ट्रक चालवतोय, आणि त्याची नोंद घेणारी ही पहिलीच. हे वर आले ते कोपराकडेच बघत होते.

ट्रक पुरा झाला की बाई त्याचं पासिंग करायच्या. हसू नका, खरं सांगते. छापील तक्त्यासारखा कागद हातानं आखून, एकेक बाब तपासून. पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे तांबडी चकाकणारी पट्टी आहे का. मागून दुचाकी आत घुसू नये म्हणून लावतात तो आडवा दांडा योग्य उंचीवर आहे का. आणि शेवटी प्रत्येक ट्रक नापास. का, तर नंबरप्लेट नाही. "मग लावा की एखादा नंबर!" मी म्हटलं. बाई माझ्याकडे असं बघत राहिल्या, जणू मी दरोडा घालायला सांगतेय. "खोटा नंबर लावणं गुन्हा आहे." खरा नंबर दुसऱ्या गाडीचा, तो लावणं त्याहून मोठा गुन्हा. म्हणून जन्मभर लोकांच्या गाड्या पास करणाऱ्या बाईंच्या घरात एकही गाडी पास नव्हती. आणि त्यांना त्याचं जराही वाईट वाटत नव्हतं.

बाई मागच्या वर्षी गेल्या. बंगला आता पाडलाय. त्यांच्या भाच्यानं दोन ट्रक आम्हाला दिले आणि बाकीचे एका तंत्रशाळेला. तिथली पोरं ते उलटे करून बघतात म्हणे. बाईंना तेच आवडलं असतं, कारण वरून बघून वाहवा करणाऱ्याला त्या दारातूनच वाटेला लावायच्या.

आता ती गोष्ट सांगते, जिच्यासाठी हे सगळं लिहायला बसले.

बाईंकडे राहत होतो तेव्हा आम्ही दोघंही मार्केट यार्डातल्या एकाच शेठकडे कामाला होतो. हे त्याचा ट्रक चालवायचे, कांदा-बटाटा भरून घाट उतरून सातारा-कोल्हापूरकडे. मी ऑफिसात गाड्यांची कागदपत्रं बघायची, म्हणजे विमा, परमिट, पीयूसी आणि पासिंगच्या तारखा. शेठ वाईट नव्हता. दिवाळीला मिठाई द्यायचा, सासरे गेले तेव्हा न मागता सुट्टी दिली. ट्रक नऊ वर्षांचा. जुन्या गाडीचं पासिंग दरवर्षी, ते तोंडावर आलं होतं.

बाईंनी तोच ट्रक करायला घेतला होता, ह्यांच्या कोपरासकट. त्यासाठी त्या रविवारी मार्केट यार्डात येऊन मापं घ्यायच्या. हमाल जमायचे. एकजण म्हणाला, "मावशी, ब्लाउज शिवताय का ट्रकला?" बाई टेपवरची नजर न काढता म्हणाल्या, "हो. अस्तर लावून." मग चादर अंथरून त्या खाली गेल्या नि तासभर दिसल्याच नाहीत. वहीत चित्रं काढत होत्या.

आठवड्यानं त्यांनी मला टेबलापाशी बोलावलं. लहान ट्रक उलटा पडला होता. गाडीचा सगळा भार ज्या दोन लांब लोखंडी पट्ट्यांवर असतो, ज्यांना चासी म्हणतात, त्यांतल्या एकीवर मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांजवळ बाईंनी वहीत बघून केसासारखी एक तांबडी रेघ काढली होती.

"ही मला जमत नाहीये," त्या म्हणाल्या. "तीनदा पुसली. चुकीची दिसते."

"छान तर आहे."

"नीट बघ. गंज वरून खाली ओघळतो, पाण्याबरोबर. ही खालच्या कडेपासून वर गेलीय, सरळ. पाणी खालून वर चढतं का?"  मग अगदी हळू म्हणाल्या, "हा पाण्याचा गंज नाही. आत तडा आहे. गाडी चालते तशा त्याच्या दोन कडा एकमेकींवर घासतात, त्याची ही भुकटी."

 त्या ट्रकमध्ये माझा नवरा बसायचा. दहा टन माल घेऊन घाट उतरायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी ट्रकपाशी गेलो. पोहोचलो तर काय, ट्रक खालून काळा कुळकुळीत! शेठनं पासिंगसाठी चासीला रंग मारून घेतला होता. टायरही नवे दिसत होते. कुणाचे होते देव जाणे. बाईंनी बोटानं ती जागा चाचपली. रंग अजून ओला होता. रेघ कुठेच दिसेना. आता ती रेघ जगात दोनच जागी उरली होती, बाईंच्या वहीत आणि त्या लहानशा ट्रकवर.

बाई तशाच शेठच्या ऑफिसात शिरल्या. काळं बोट त्याच्यापुढे धरून सगळं सांगितलं. शेठनं शांतपणे ऐकून घेतलं.

"बाई, आपला अनुभव मोठा आहे, मान्य. पण आता सीझन आहे. पासिंग होऊ दे, पावसाळ्यात गाडी उभी राहील तेव्हा चासी करून घेऊ."

"तोवर तुटली तर?"

"नऊ वर्षं नाही तुटली. आणि मी काय म्हणतो, एका खेळण्यावरून मी गाडी उभी करू? लोक हसतील मला."

बाईंनी वही मिटली. नोकरीत असत्या तर त्यांच्या एका सहीनं ट्रक जागेवर थांबला असता. आता त्यांच्या हातात काही नव्हतं, आणि ते त्यांना माझ्यासमोर कळलं. मला इतका राग आला त्या शेठचा, त्या काळ्या रंगाचा!

घरी आल्यावर मी म्हटलं, "बाई, आरटीओत सगळी तुमची ओळखीची माणसं. एक फोन करा."

"नाही."

"अहो, माझा नवरा बसतो त्यात!"

"माहीत आहे मला. पण आयुष्यात ओळखीनं एक गाडी पास केली नाही. मग ओळखीनं नापास कशी करू? तेही पापच. ज्याच्या हातात गाडी आहे त्यानं मैदानावर सांगावं. ड्रायव्हरनं दोष दाखवला तर तपासावंच लागतं."

मी त्यांना नको नको ते बोलले. तुमचा नियम मोठा का माणूस मोठा, इथपर्यंत. बाईंनी सगळं ऐकलं. मग लहान ट्रक कापडात गुंडाळून माझ्या हातात दिला.  "तू म्हणतेस ते मला झोंबतंय," त्या म्हणाल्या. "पण हे मी केलं तर उद्या माझ्याकडे बघून कुणी खरं बोलणार नाही. फोनच करतील."

वर येऊन मी ह्यांना सगळं सांगितलं. हे जेवता जेवता थांबले. ह्यांचा स्वभाव मला माहीत. वर्दीतल्या माणसासमोर ह्यांच्या तोंडून "हो साहेब" पलीकडे शब्द निघत नाही. आणि प्रश्न तेवढाच नव्हता. मालकाची गाडी जो स्वतः नापास करवतो, त्या ड्रायव्हरला मार्केट यार्डात दुसरं कोण चाक देणार? माझीही नोकरी त्याच दारात. दोघांची एकदम जाणार. हे ताटाकडे बघत म्हणाले, "बघू." ह्यांच्या "बघू"वर माझा काडीचा भरवसा नव्हता. मी मनाशी ठरवून टाकलं, की हे नाही बोलले तर मी बोलेन, कागद घेऊन मी असणारच होते तिथे.

पासिंगच्या दिवशी मैदानात पन्नासेक गाड्यांची रांग. आमचा नंबर आला. निरीक्षक तिशीतला पोरगा, घामाघूम, हातात पाटी नि तक्ता. मी कागद दिले. त्यानं दिवे लावून बघितले, लागले. हॉर्न वाजला. वायपर फिरले. ब्रेक लागला. टायर तर काय, पासिंगपुरते झळझळीत. वाकून खाली बघितलं त्यानं. काळा रंग चकाकत होता. "मेंटेन ठेवलीय गाडी," तो म्हणाला आणि पेन उघडलं.

मी तोंड उघडलं. तेवढ्यात शेजारून आवाज आला, "साहेब, चासी बघा."

हे होते. कपाळावरून घाम गळत होता, पण उभे ताठ.

"बघितली की."

"रंगाच्या आत बघा साहेब. तडा आहे." आणि ह्यांनी कापड सोडून लहान ट्रक त्याच्यापुढे धरला, उलटा. "इथे. मागच्या पाट्याजवळ. रंग परवा मारलाय."

 दहा वर्षांचा संसार आमचा, पण हा माणूस मी त्या दिवशी पाहिला. खोटं कशाला बोलू, तिथल्या तिथे त्याला मिठी मारावीशी वाटली.

निरीक्षक आधी मोठा ट्रक बघेना, तो लहानच बघत बसला. भोवती ड्रायव्हर गोळा झाले. मग तो चिंधी टाकून खाली सरकला, किल्लीनं रंग खरवडला. बराच वेळ नुसता खरखर आवाज. आतूनच म्हणाला, "हातोडी द्या कुणीतरी." दोन ठोके मारले आणि बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. ह्यांना म्हणाला, "ह्या गाडीनं घाट उतरत होता तुम्ही?"

त्यानं तक्त्यावर लिहिलं आणि कागद आमच्या हातात दिला. नापास. कारण, चासीला तडा. पुढे गॅरेजवाल्यानं सगळा रंग काढला तेव्हा तडा वीतभर निघाला. शेठ तो बघायला स्वतः गेला आणि तिथल्याच टायरवर मटकन बसला म्हणतात. पण ते नंतर. त्या दिवशी त्यानं फोनवर ह्यांना एवढंच सांगितलं, की किल्ली ऑफिसात ठेवायची आणि पुन्हा तोंड दाखवायचं नाही. मी फोन ओढून घेतला. "शेठ, फाइलपण किल्लीबरोबरच ठेवते. माझ्या खुर्चीत दुसरं कुणी बसवा." आणि ठेवला. आता हे एका शाळेची बस चालवतात आणि मी तिथल्याच ऑफिसात आहे, पण त्या दुपारी आम्हा दोघांना उद्याचं काम नव्हतं.

घरी येताना हे अचानक एका दुकानापाशी थांबले नि पाव किलो पेढे घेतले. 

बाई दारातच उभ्या होत्या. सकाळपासून उभ्या असाव्यात, बोटांना आज रंगच नव्हता. ह्यांनी आधी कागद दिला. बाईंनी भिंग ओढून तो वरपासून खालपर्यंत वाचला, पुन्हा वाचला. "अक्षर बरं आहे पोराचं," म्हणाल्या. मग पुड्याकडे बघून, "हे कशाचे?"

"नापास झालो, साहेब," हे म्हणाले आणि पेढा पुढे केला.

बाईंनी पेढा हातात घेतला, पण तोंडापर्यंत नेला नाही. "गाड्या नापास केल्या म्हणून लोकांनी माझ्या स्कूटरची सीट फाडली, दारात येऊन शिव्या दिल्या," त्या म्हणाल्या. "पेढे कुणी आणले नाहीत." आणि मग एकदम, "मला रडू येतंय. तिकडे बघा जरा दोघं." आम्ही रस्त्याकडे बघत उभे राहिलो. मला बाईंचा अभिमान वाटत होता, ह्यांचा वाटत होता, आणि खरं सांगायचं तर माझासुद्धा.

तेवढ्यात ह्यांचा फोन वाजला. गावाहून सासूबाई. पासिंग आहे एवढंच त्यांना माहीत. ह्यांनी स्पीकर लावला.

"झालं का रे पास?"

"नाही माय. नापास झालो. नोकरीपण गेली," हे हसत म्हणाले.

"मंग हासतं काहून?"

  ह्यांनी फोन तसाच बाईंपुढे धरला, "साहेब, तुम्ही सांगा." बाईंनी डोळे पुसले, पदर नीट केला, कागद समोर धरला आणि मैदानावर बोलायच्या त्याच आवाजात म्हणाल्या, "गाडी नापास आहे. ड्रायव्हरमध्ये दोष आढळला नाही."

 मग सासूबाई म्हणाल्या, "ते मले मालूम हाय, बाई. म्याच वाढवला तो."